रुमालाखालचे मत

लातूरच्या अडत बाजारात एके काळी भाव तोंडाने ठरत नसे. खरेदीदार आणि अडत्या यांच्या हातांवर रुमाल टाकला जाई, त्याखाली बोटांनी बोटे चाचपली जात आणि सौदा होई. ज्याची तूर समोर ढिगात पडलेली असे तो शेतकरी शेजारीच उभा असे. पण आकडा त्याला सर्वांत शेवटी कळे. ही 'हत्ता पद्धत'. पुढे उघड लिलावाचा नियम झाला आणि रुमाल गेला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी याच बाजारात हिशेब लिहीत असत. कापडाचे दुकान नंतरचे. ते गमतीने म्हणत, "रुमाल बाजारातून गेला, पण घराघरांत राहिला."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो कळला चित्रपटांमुळे.

आपल्या व्यापारी कुटुंबांत चित्रपट पाहायला जाणे हा लहानसा प्रवासच असतो. दुकान पूर्ण बंद ठेवता येत नाही. संध्याकाळचा खेळ सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या आड येतो. रात्रीच्या खेळाला जावे, तर दुकान आवरून गल्ला मोजेपर्यंत अर्धी कथा होऊन गेलेली असते. पर्युषणात तर विषयच निघत नाही. म्हणून आमच्याकडे अनेक वर्षे एक व्यवस्था ठरून गेली आहे. अर्धे घर एका रविवारी दुपारी बाराच्या खेळाला जाते आणि उरलेले अर्धे पुढच्या रविवारी. पहिल्या तुकडीने आठ दिवस कथा फोडायची नाही, एवढीच अट. दुसरी तुकडी परत आली, जेवणे आटोपली, की ओसरीवर सर्व जण बसतात आणि मग मते निघतात.

निदान निघायला हवीत. प्रत्यक्षात काय होत असे? "कसा वाटला?" असे विचारले की "चांगला होता", "बरा आहे", "वेळ गेला" या तीन उत्तरांत साऱ्या घराची मते संपत. त्याआधी आम्हा पुरुषमंडळींचा ठरलेला प्रश्न असे, "किती कमावले म्हणे त्याने?" चित्रपटाची परीक्षा आम्ही गल्ल्यावर करत होतो. मनाला काय लागले, ते मात्र प्रत्येक जण रुमालाखाली ठेवत होता.

एकटे अण्णा याला अपवाद होते. २०१६ च्या जानेवारीत महेश मांजरेकर यांचा 'नटसम्राट' आला. वि. वा. शिरवाडकरांचे नाटक अण्णांनी पूर्वी पाहिले होते. आता नाना पाटेकरांना पाहायचे म्हणून ते हौसेने आले. मिळकत मुलांच्या नावे करून मोकळा झालेला आणि शेवटी उघड्यावर आलेला तो वृद्ध नट पाहून चित्रपटगृहात अनेक जण डोळे पुसत होते. ओसरीवर आल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "अभिनय मोठा. पण माणूस कच्चा. म्हाताऱ्यानं कागद केले ते प्रेमानं केले, विचारानं केले नाहीत. हयातीत चावी द्यावी, तिजोरी देऊ नये."

सगळे हसले. अण्णांचा शब्द पडला की सौदा मिटला, ही आमच्या घरची रीत. माझ्या धाकट्या भावाला त्या चित्रपटाविषयी काही निराळे वाटले होते काय, आईला काय वाटले, हे कोणी विचारले नाही. आईला विचारले असते तरी तिचे उत्तर ठरलेले असे, "यांना वाटलं तेच."

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याची आठवण लातूरकर विसरणार नाहीत. नळ कोरडे पडले होते. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली 'जलदूत' रेल्वे सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात आली, तेव्हा स्थानकावर देवाच्या पालखीला व्हावी तशी गर्दी झाली. पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. घरोघरी अंघोळीच्या पाण्याची मोजणी चालू होती. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला 'सैराट' प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी आपल्याच भागातील माती, ऊस, विहिरी आणि बोली पडद्यावर आणली होती. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर गावोगावी लोक चित्रपटगृहात उठून नाचत होते. टँकरची वाट पाहून थकलेले आमचे घरही दोन तुकड्यांत जाऊन आले.

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती माझ्याच तुकडीत होती. चित्रपटाचा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगू नये. एवढेच सांगतो की, नाचत आलेले लोक परत जाताना बोलत नव्हते. गंजगोलाईच्या वळणावर गाडीत मागून तिचा प्रश्न आला, "बाबा, त्या मुलीच्या वडिलांच्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?"

मी आरशात पाहिले नाही. म्हणालो, "गाणी चांगली आहेत."

तिने पुन्हा विचारले नाही. ओसरीवरही ती त्या दिवशी बसली नाही. त्या वेळी मला वाटले, प्रश्न टळला. आज वाटते, टळला नव्हता. रुमालाखाली गेला होता.

अण्णा गेले त्यानंतर ओसरीवर काही काळ शांतताच होती. ती मोडली २०२२ च्या अखेरीस, आणि मोडली ती भांडणाने. ३० डिसेंबर रोजी रितेश देशमुख यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'वेड' आला. बाभळगावचा मुलगा, विलासरावांचा मुलगा, म्हणजे लातूरकरांच्या घरचेच कार्य. आमच्याकडे तर चित्रपट पाहण्यापूर्वीच तो आवडलेला होता. त्या आठवड्यात माझी थोरली बहीण, आमच्या मुलांची आत्या, नांदेडहून आली होती. चाकूर, अहमदपूर, लोहा अशी तीन तासांची वाट. पण तेवढ्या अंतरात भाषेची हवा पालटते. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात तेलुगूचा वावर घरादारांत आहे. ताईच्या मुलाचे लहानपण धर्माबादच्या पेढीवर गेलेले. मध्यंतर होताच तो म्हणाला, "मामा, पुढचं सगळं मला माहीत आहे. हा 'मजिली' आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. 'वेड' हा २०१९ च्या 'मजिली' या तेलुगू चित्रपटावर आधारलेला आहे. पण ओसरीवर तो हे बोलला आणि माझ्या भावाला ते लातूरच्या मानावर बोट ठेवल्यासारखे वाटले. एकाने अजय-अतुल यांचे संगीत पुढे केले, दुसऱ्याने मूळ चित्रपटातील समंथाचा अभिनय. पाऊण तास वाद रंगला. तो ऐन भरात असताना भावाची पत्नी, जी एरवी अशा वेळी पाण्याचे तांबे भरण्यात गुंतलेली असते, ती सहज म्हणाली, "मूळ कुठलंही असो. नवरा जुन्या प्रेमात बुडून सिगारेटी ओढतो आणि बायको ते सोसत राहते, यालाच तुम्ही दोन्हीकडचे लोक प्रेम म्हणता का?"

वाद तिथेच थांबला. कारण लातूर आणि नांदेड यांच्या भांडणात हे मत कोणाच्याच बाजूचे नव्हते. ते तिचे स्वतःचे होते. लग्नानंतर बावीस वर्षांत त्या घरात तिने मोठ्याने मांडलेले बहुधा पहिलेच.

त्या रात्री ताई मला म्हणाली, "आमच्या नांदेडला हे नवीन नाही." तिचे सासरे नरहर कुरुंदकरांची व्याख्याने ऐकलेल्या पिढीतील. कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयात शिकवीत, पुढे तेथेच प्राचार्य झाले. भरताच्या नाट्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत कोणताही विषय ते श्रोत्यांपुढे मांडत आणि आपल्याशी असहमत होण्याची मुभा ऐकणाऱ्याला देत. १९८२ मध्ये ते गेले, तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. ताईच्या सासऱ्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट उचलली होती: मत सांगायचे तर कारणासह सांगायचे. "आवडले" हे मत नव्हे; "अमुक प्रसंगामुळे आवडले" हे मत.

चित्रपटानंतर थांबून बोलण्याची परंपरा आपल्या देशात चांगली जुनी आहे. १९४७ मध्ये सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली, ती चांगले चित्रपट पाहावेत आणि त्यांवर बोलावे यासाठी. मुंबईत १९६८ पासून 'प्रभात चित्र मंडळ' हेच काम करीत आले आहे. आमच्या लातुरातही अभिजात फिल्म सोसायटी आहे आणि पुण्याच्या महोत्सवाशी हात जोडून आता लातूरलाही आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तिकडे पडदा उजळला की लोक खुर्च्या सोडत नाहीत, बोलतात. आपण मात्र दिवे लागताच चप्पल शोधतो.

ताईच्या सूचनेवरून आम्ही ओसरीवर दोन नियम केले. पहिला: मत कारणासह. दुसरा: सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचे आणि सर्वांत मोठ्याने शेवटी. दुसरा नियम आम्हा व्यापाऱ्यांना सहज पटावा. पहिल्या पेढीने भाव फोडला की बाकीचे त्याच्याच आसपास बोलतात, हे आपण रोज पाहतो. घरातही थोरल्याने आधी तोंड उघडले की इतरांच्या मनातले आकडे पुसले जातात.

या नियमांची परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये विधु विनोद चोप्रा यांचा 'ट्वेल्थ फेल' आला. बारावीत नापास झालेला चंबळच्या खोऱ्यातील एक गरीब मुलगा पुढे पोलीस सेवेतील अधिकारी होतो, ही सत्यकथा. पुढे या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 'लातूर पॅटर्न'च्या आमच्या गावात तो पाहताना प्रत्येक पालकाची मान ताठ झाली असेल. मी आणि भाऊ मनातल्या मनात उपदेशाची भाषणे तयार करून बसलो होतो. पण नियम होता. आधी बोलायचे होते ते भावाच्या मुलाने, ज्याची वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दोनदा हुकली होती.

तो म्हणाला, "चित्रपट चांगला आहे. परत पहिल्यापासून सुरुवात करायची, हे त्यात म्हणतात ते मला आवडलं. पण तो शेवटी उत्तीर्ण होतो, म्हणून त्याच्यावर चित्रपट निघाला. आमच्या वर्गातली जी मुलं तिसऱ्यांदाही झाली नाहीत, त्यांची गोष्ट कुठे संपते, ते मला बघायचं आहे."

आमची भाषणे जागच्या जागी विरली. तो आधी बोलला नसता, तर आम्ही बोललो असतो आणि त्याने मान डोलावली असती. त्या आठवड्यात भावाने त्याला पहिल्यांदा विचारले, "तुला खरोखर काय करायचं आहे?" तो आता औषधनिर्माणशास्त्र शिकतो. चित्रपटामुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. चित्रपटाच्या निमित्ताने प्रश्न विचारला गेला, इतके खरे.

त्याच वर्षी, त्याआधी चार महिने, केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ने सगळ्या महाराष्ट्राला वेड लावले होते. नांदेडच्या ताईने तिच्या मैत्रिणींबरोबर तो ठेवणीतल्या साड्या नेसून पाहिला आणि रात्री दूरध्वनीवर आपले मत कारणासह कळवले. सहा बहिणी, त्यांचे रुसवे, मंगळागौरीची स्पर्धा, सारे तिला आवडले होते. शेवटी मात्र ती म्हणाली, "चित्रपटातल्या बहिणींचे रुसवे खेळात मिटतात. आपल्यात माहेरी यायचा रस्ता हक्कसोडपत्रावर सही करून मिळतो."

मी गप्प राहिलो. २००५ च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला आहे, हे आपण सर्व जाणतो. ती सही आपल्या घरांत किती सहज मागितली जाते आणि किती हसतमुखाने दिली जाते, हेही जाणतो. ताईनेही ती दिली होती, अण्णांच्या माघारी, आम्हा दोन भावांसाठी, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी. 'नटसम्राट' पाहून अण्णा कागदांविषयी बोलले होते, तेव्हा ताईचे मत कोणी घेतले नव्हते. तिच्या त्या वाक्याला मी अजून पूर्ण उत्तर दिलेले नाही. पण ते वाक्य आता आमच्यामध्ये उघड्यावर आहे, आणि उघड्यावरच्या गोष्टीचा हिशेब कधी तरी करावाच लागतो. या दिवाळीत आम्ही दोघे भाऊ नांदेडला जाणार आहोत, ते त्यासाठीच.

आता शेवटचा चित्रपट. मार्च २०२५ मध्ये जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' प्रदर्शित झाला. टोरांटोच्या महोत्सवात गौरवलेला, पण कथा चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्याची. सविता नावाच्या कापूस उत्पादकाच्या मुलीला पुढे शिकायचे आहे. आणि तिला पाहायला एकामागून एक स्थळे येत राहतात. तेच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. चित्रपटाच्या सुरुवातीला मात्र दृश्य उलटे आहे. मुलगा खाली मान घालून बसला आहे आणि बायका त्याला प्रश्न विचारत आहेत. चित्रपटगृहात त्याला हशा पिकला. पुढे तेच प्रश्न सविताला विचारले जाऊ लागले, तेव्हा कोणी हसले नाही.

माझी मुलगी आता पंचवीस वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन ती दुकानाचा वस्तू व सेवा कराचा सारा हिशेब सांभाळते. तिचे परिचयपत्र आम्ही नुकतेच तयार केले होते. अशाच एका मासिकाच्या वधू-वर पानावर ते जायचे होते. ओसरीवर नियमाप्रमाणे आधी भावाचा मुलगा बोलला, मग ती. म्हणाली, "त्या मुलीला कोणी एकदाही विचारत नाही की तुला मुलगा कसा वाटला. आणि आपण माझ्या पत्रात 'वर्ण: गोरा' असं लिहिलं आहे. मी गोरी नाही, बाबा. तुम्हाला माहीत आहे."

कोणी काही बोलले नाही. नियमाप्रमाणे शेवटची पाळी आईची होती. आम्हाला वाटले, ती नेहमीसारखे "चांगला होता" म्हणेल. पण ज्यांना वाटलेले ती स्वतःचे म्हणून सांगत असे, ते आता नव्हते.

आई म्हणाली, "मला तिघांनी पाहिलं. दुसऱ्यांनी चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. मग म्हणाले, परत एकदा. मी परत चालले. नकार आला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुढे वर्षभर मी चालताना खाली बघत होते." थोडे थांबून तिने कारणही सांगितले, नियमाला धरून: "त्या चित्रपटात ती पोरगी पाटावर बसायला येते ना, तिची पावलं मी ओळखली."

साठ वर्षे आई आमच्याबरोबर चित्रपट पाहत आली. तिची ही कथा अण्णांना माहीत होती की नाही, कोण जाणे. आम्हा मुलांना तरी नव्हती. ती कळायला पडद्यावर परक्या घरची मुलगी चालत यावी लागली.

दुसऱ्या दिवशी परिचयपत्रातील ती ओळ मी खोडली. त्या जागी मुलीने स्वतः एक ओळ लिहिली: "पहिल्या भेटीत दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारले जातील." काही नातेवाइकांना ती रुचली नाही. दोन स्थळांनी पुढे बोलणे केले नाही. एका घरून मात्र मुलाच्या आईचाच दूरध्वनी आला; म्हणाल्या, ओळ वाचून बरे वाटले. पुढे काय होईल ते होईल.

वाचकहो, चित्रपट चांगला की वाईट, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. आपल्या घराला त्याची फारशी गरज नाही. आपल्याला गरज आहे ती अशा एका जागेची, जिथे स्वतःविषयी बोलतो आहोत असे न म्हणता मनातले बोलता येईल. चित्रपट ती जागा देतो. "त्या वडिलांचे चुकले" असे मूल म्हणते, तेव्हा ते पुष्कळदा आपल्या वडिलांशी बोलत असते. आपण "गाणी चांगली आहेत" म्हणून तिथून निघून जाऊ नये, इतकेच.

परवा रात्री हिशेब जुळवताना मी मुलीला म्हणालो, "तू एकदा गाडीत मला एक प्रश्न विचारला होतास."

"सैराट," ती लगेच म्हणाली. नऊ वर्षे तिनेही तो जपून ठेवला होता.

मी म्हणालो, "राग आला असता. फार आला असता. पण मी तुझं ऐकून घेतलं असतं."

तिने पेन खाली ठेवले आणि काही वेळ माझ्याकडे पाहिले. "आणि कारण?" तिने विचारले.

ते मात्र मला अजून नीट मांडता आलेले नाही. येत्या रविवारी ओसरीवर माझी पाळी आहे.